मामूंचं कोबे

मामूंच्या खोलीतून बाहेर पडताना कुणालाही वळून चप्पल घालावी लागत नसे. आपण आत चहा पीत बसलेलो असताना मामू मधेच उठत, उंबऱ्यापाशी वाकत आणि बाहेर काढलेल्या सगळ्या चपला-बुटांची तोंडं रस्त्याकडे करून ठेवत. नवा माणूस यामुळे बिचकायचा. कुवेतला उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा मलाही वाटलं की हे आपल्याला निघायला सांगताहेत. मी कप खाली ठेवून उठलो.

"बस रे," मामू म्हणाले. "चपला फिरवल्या, तुला नाय फिरवला."

मग त्यांनी समजावलं. जपानात असंच करतात. पाहुणा निघेल तेव्हा त्याला वळायला, चाचपडायला लागू नये, म्हणून घरातली बाई आधीच जोडे फिरवून ठेवते. "आपल्या मागे कुणी आपल्या जोड्यांचा विचार करतो, हे बाहेर पडताना कळतं. कसं बरं वाटतं ते." हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, दारातल्या उन्हाकडे बघत होते.

मामू कुलाबा जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरचे, कोकणी मुसलमान. आमच्या पेढीत ते सगळ्यांत जुने. आमचा अरबाब, म्हणजे मालक, कापडाचा मोठा व्यापारी. अरब पुरुष घालतात त्या पांढऱ्या लांब दिशदाशाचं कापड तो परदेशातून मागवायचा आणि माल पारखायचं काम मामूंकडे होतं. चिमटीत कापड धरून डोळे मिटायचे आणि घ्यायचं की नाही ते सांगायचे. मी पुण्याहून आलेला टायपिस्ट. पन्नास-पंचावन्नच्या पुढचा तो काळ. कुवेत शहराभोवतीची मातीची तटबंदी तेव्हा अजून उभी होती आणि आम्ही उन्हाळ्यात गच्चीवर ओल्या चादरी पांघरून झोपत होतो.

मामूंच्या आंघोळीची गोष्ट सगळ्या कुवेतातल्या मराठी माणसांत पसरली होती. गोडं पाणी तेव्हा टाकीच्या गाडीतून यायचं आणि आम्ही ते तांब्यानं मोजल्यासारखं वापरायचो. मामूंनी मात्र तेलाचं एक रिकामं पिंप कापून घेतलं होतं. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी ते हे पिंप कढत पाण्यानं भरत. आधी बाहेर पाटावर बसून साबण लावून अंग स्वच्छ धुवायचं आणि मगच पिंपात गळ्यापर्यंत बसायचं. तोंड लाल होईपर्यंत डोळे मिटून बसून राहायचे. तेही ऑगस्टात, बाहेर वाळूसुद्धा भाजून निघत असताना. बाहेर आले की आम्हा सगळ्यांना आग्रह सुरू. "पाणी मळलं नाय. मी धुऊनच बसलो. आता तुम्ही बसा. जपानात सगळं घर एकाच पाण्यात बसतं, पाहुणा पहिला." कुणी बसायचं नाही. मग त्याच पाण्यानं ते खोली धुऊन काढत. एका जानेवारीत वाळवंटातला कोरडा गारठा हाडात शिरला होता आणि मला सर्दीनं धरलं होतं, तेव्हा मी एकदा बसलो. बाहेर आलो तो लहान मुलासारखा झोपेनं पेंगत होतो. मामू इतके खूश झाले की त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी स्वतःच्या हातानं भात केला.

डबा ते चौकोनी फडक्यात बांधून आणत, आणि त्या फडक्याची गाठ दोन्ही हातांनी सोडत. कुणी काही दिलं तर दोन्ही हातांनी घेत, किंचित वाकून. अरबाबानं पगाराचं पाकीट पुढे केलं की हे वाकत आणि तो चेष्टेनं म्हणे, "या हिंदी माणसाचं पोट दुखतंय का?" त्यांचा चहाही वेगळा. दूध नाही, साखर नाही, नुसती हिरवट पानं.

आणि त्यांचं कोबे. शुक्रवारी दुपारी आम्ही चार-पाच जण जमलो की कोबे निघायचंच. तरुणपणी ते बोटीवर आगवाले होते, कोळसा ओढायचे. लढाईच्या आधी एकदा कोबे बंदरात त्यांना टायफॉइड झाला, बोटीनं त्यांना तिथंच उतरवलं आणि एका विधवा बाईच्या खानावळीत ते वर्षाहून जास्त राहिले. त्या बाईला ते ओबासान म्हणत, म्हणजे मावशी. तिची एक लहान मुलगी होती, हारू.

"कोबे म्हणजे आपलं कोकणच," ते सांगत. "पाठीला डोंगर, पुढं समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत माणसं. घरासमोर मासे सुकायला टाकलेले. वासाबरोबर मना वाटायचं, आमची आय आता हाक मारील." मग हारूला खांद्यावर घेऊन डोंगरावरच्या धबधब्याला गेल्याची गोष्ट. तिच्यासाठी वर्तमानपत्राचा पतंग केला आणि तो बंदरातल्या क्रेनला अडकला, ती गोष्ट. सगळ्यांत आवडती ट्रामची. बालदीतून जिवंत मासे घेऊन ते ट्राममध्ये चढले, ट्रामनं वळण घेतलं आणि बालदी आडवी झाली. "कोट घातलेले साहेब, किमोनोवाल्या बाया, शाळेची पोरं, सगळी खाली बसून मासे पकडायला लागली. कोण ओरडला नाय. एकेक मासा दोन्ही हातांनी धरून बालदीत टाकायचे आणि वाकून माझीच माफी मागायचे." आम्ही ही गोष्ट किती वेळा ऐकली असेल, तरी हसायचो.

साठ सालाच्या सुमारास दक्षिणेला, खैरानच्या पलीकडे सौदीच्या सरहद्दीकडे, जपानी लोक तेल शोधायला आले. त्यांच्यापैकी दोघे इंजिनियर एकदा आमच्या दुकानात कापड बघायला आले. मामू लगबगीनं पुढे झाले, वाकले आणि जपानीत बोलायला लागले. ते दोघे आधी चमकले, मग एकमेकांकडे बघून हसू दाबायला लागले. मामू चहा सांगायला आत गेले तेव्हा मी त्यातल्या एकाला इंग्रजीत विचारलं, त्यांची भाषा चुकते का?

"चुकत नाही," तो म्हणाला. "पण ते माझ्या आजीसारखं बोलतात. तिच्या काळातल्या, घरातल्या बाईसारखं. किती वर्षांत असं ऐकलं नव्हतं." जाताना त्या दोघांनी बाहेर बघितलं, तर त्यांचे बूट रस्त्याकडे तोंड करून ठेवलेले. ते दोघे बराच वेळ तिथंच उभे राहिले होते.

पुढे अरबाबानं ठरवलं की दिशदाशाचं कापड मधल्या दलालाकडून न घेता थेट ओसाकातून आणायचं. माल पारखायला मामू आणि पत्रव्यवहारासाठी मी, असे आम्ही दोघे निघालो. मला वाटलं होतं मामू आनंदानं नाचतील. पण ज्या दिवशी ठरलं त्या दिवसापासून ते गप्प गप्प झाले. विमानात तर मुंबईपासून हाँगकाँगपर्यंत ते खिडकीशी डोकं टेकून बसले होते. मी विचारलं, "मामू, कसली काळजी लागलीय?"

"सब्बीस वर्सं झाली," एवढंच म्हणाले.

ओसाकात आमच्या दिमतीला गिरणीच्या कंपनीनं ओगावा नावाचा एक तरुण दिला होता. सडपातळ, चष्मा लावणारा, इंग्रजी जपून बोलणारा. कामं आटोपली की तो आम्हाला शहर दाखवायचा. मी तर खुळावलो होतो. उपाहारगृहांच्या काचेत मेणाची जेवणं मांडलेली, भाताच्या शितासकट. मोठ्या दुकानात सरकत्या जिन्यापाशी पांढरे हातमोजे घातलेली मुलगी उभी, प्रत्येक माणसाला वाकून नमस्कार करत आणि जिन्याचा कठडा फडक्यानं पुसत. एका गल्लीत शेकडो माणसं ओळीनं बसून लोखंडी गोळ्या सोडायच्या खेळाच्या यंत्रांसमोर तल्लीन झालेली आणि त्यांचा खळखळाट रस्त्यापर्यंत. स्टेशनावर पोरं मला बघून "हॅलो" म्हणून पळायची. मी शाकाहारी, त्यामुळे माझे हाल होते. मामू स्वयंपाक्याशी बोलून माझ्यासाठी भाज्यांचं गरम पातळ सूप करून घेत. ते सूप सुक्या माशाच्या पाण्यात शिजवलेलं असतं, हे त्यांनी मला परतताना मुंबईत विमान टेकल्यावर सांगितलं.

मला एक गोष्ट मात्र नवलाची वाटायची. तिथल्या सार्वजनिक हमामखान्यात मामू सगळं बरोबर करायचे, कपडे कुठे ठेवायचे, फडकं डोक्यावर कसं घ्यायचं. घरात शिरताना, जेवताना, चहा घेताना ते तिथलेच वाटायचे. पण रस्त्यावर ते बावरायचे. ट्राममध्ये कुठल्या दारानं चढायचं हे त्यांना कळायचं नाही. वाहनं डावीकडून जातात की उजवीकडून, यात त्यांचा गोंधळ व्हायचा. मला वाटलं, लढाईनंतर सगळं बदललं असेल.

रविवारी आम्ही ओगावाबरोबर कोबेला गेलो. गाडीतून उतरल्यावर मामूंनी आधी डोंगर बघितला, मग वळून समुद्र बघितला. दोन्ही जागेवर होते. मग ते स्टेशनच्या वरच्या अंगाला चढणीच्या रस्त्यानं चालायला लागले, मनाशी पुटपुटत. "इथं डावीकडे तांदळाच्या पापड्यावाला. मग दगडी पायऱ्या. मग एक वाकडं झाड." पापड्यावाला नव्हता. पायऱ्यांच्या जागी रुंद डांबरी रस्ता होता आणि दोन्ही बाजूंना सिमेंटची नवी घरं. झाडाचं तर नावच नाही. ओगावा हळूच म्हणाला, "हा सगळा भाग बॉम्बनं जळला होता. सगळं नवं आहे."

मला आठवलं, तटबंदी पाडून आमच्या जुन्या कुवेतमधल्या मातीच्या गल्ल्या बुलडोझरनं काढल्या, तेव्हा मामू रोज संध्याकाळी जाऊन ते बघत उभे राहायचे. आम्ही म्हणायचो, तुमचं काय जातंय त्यात. ते म्हणायचे, "गल्ली गेली की पत्ता जातो. मग माणूस आला तर जाणार कुठं?"

शेवटी टोफू विकणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे ओगावानं चौकशी केली. खलाशांची खानावळ चालवणारी विधवा, तिची मुलगी हारू. म्हाताऱ्यानं बराच विचार केला आणि उताराच्या खाली बोट दाखवलं. तिथं कपडे धुऊन इस्त्री करून देणारं एक छोटं दुकान होतं.

आत तिशीतली एक बाई शर्टाला इस्त्री करत होती. ओगावानं ओळख करून दिली, हे पाहुणे कुवेतहून आलेत, फार वर्षांपूर्वी तुमच्या आईच्या खानावळीत राहिले होते. ती गोंधळून बघत राहिली. मग मामू बोलायला लागले. काय बोलले मला कळलं नाही, पण दोन-तीन वाक्यांतच तिनं इस्त्री उभी करून ठेवली आणि तोंडावर हात घेतला. ओगावा माझ्या कानाशी म्हणाला, "ती म्हणते, हे माझ्या आईचं बोलणं आहे."

तिनं आम्हाला आत चटईवर बसवलं. तिची आई लढाईच्या शेवटच्या वर्षी आगीत गेली होती. हे ऐकून मामूंनी दोन्ही तळहात गुडघ्यांवर दाबून धरले आणि मान खाली घातली. मग हारू पुढे सरकली, त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं आणि एकच शब्द विचारला.

"इबु-सान?"

मामूंचं नाव इब्राहिम नव्हतं, किंवा तसलं दुसरं कुठलंही नव्हतं. हे मला माहीत होतं आणि ओगावालाही, कारण आमचे सगळे कागद त्यानंच केले होते. मामू वाकले, कपाळ जवळजवळ चटईला लागेपर्यंत, आणि वर येऊन म्हणाले, "हाइ." म्हणजे हो.

मी ओगावाकडे बघितलं. तो चहाच्या कपाकडे बघत होता.

मग हारू रडत-हसत बोलत सुटली आणि ओगावा खालच्या आवाजात मला सांगत राहिला. तिला सगळं आठवत होतं. इबु-सानच्या खांद्यावर बसून धबधब्याला गेलेली ती. वर्तमानपत्राचा पतंग, क्रेनला अडकलेला. ट्राममध्ये सांडलेले मासे. तेव्हा ती स्वतः ट्राममध्ये होती, तिनंही एक मासा पकडला होता आणि तो तिच्या बाहीत शिरला होता. बाहीची गोष्ट मामूंनी आम्हाला कधी सांगितली नव्हती. मामूंना ती माहीतच नसावी, कारण ते आ वासून ऐकत होते.

मग तिनं विचारलं, "आणि वरच्या मजल्यावरचा तो आजारी? तुमचा सोबती? तो कधी खाली यायचाच नाही. आई त्याच्यासाठी पेज घेऊन वर जायची. मला वर जायची भीती वाटायची."

ओगावानं हे मला सांगितलं. मामूंनी उत्तर दिलं. मी खूण केली तेव्हा ओगावा म्हणाला, "ते म्हणाले, तो गेला. इथून परतल्यावर थोड्याच दिवसांत."

हारूनं हात जोडले. "त्याचं नाव काय होतं? मला आठवत नाही."

"ते म्हणतात," ओगावा चष्मा काढून पुसत म्हणाला, "मलाही आता नीट आठवत नाही."

निघताना तिनं निळ्या-पांढऱ्या लाटांच्या नक्षीचं सुती कापड, चहाचा डबा आणि गोड वड्या असं सगळं एका फडक्यात बांधलं. "तुम्ही सारखे तुमच्या आईबद्दल बोलायचात," ती म्हणाली. "आहे ना ती? हे तिला द्या." मामूंनी ते दोन्ही हातांनी घेतलं. बाहेर आलो तर आमच्या बुटांची तोंडं रस्त्याकडे होती. मामूंना बुटात पाय घालता येईना. मी खाली बसून त्यांना मदत केली.

ओगावा काहीतरी निमित्त काढून आम्हाला बंदरावर सोडून गेला. धक्क्यावर दुपारचं स्वच्छ ऊन होतं. मामू तिथल्या लोखंडी खुंट्यावर बसले. पुडकं मांडीवर.

"इब्राहिम आमच्या बाजूच्या गावचा," ते म्हणाले. "एकाच बोटीवर होतो. मना इथं उतरवला, तर तो पण उतरला. नोकरी सोडून. कप्तान बोलला, तू कशाला? तो बोलला, ह्येला पाणी कोण देईल? टायफॉइड गेला, मग छातीत धरलं. मी वरच्या खोलीतच होतो रे. खिडकीतून फक्त समोरचं कौलारू छप्पर दिसायचं. तो दिवसा बंदरात हमाली करायचा आणि संध्याकाळी माझ्या उशाशी बसून सगळं सांगायचा. आज हे बघितलं, ते बघितलं. कुठल्या गल्लीत काय मिळतं, हमामात कपडे कुठं ठेवतात, ट्राममध्ये कोण काय बोललं. मी कोबे बघितलंच नाय. कोबे मना इब्राहिमनं सांगितलं."

"आणि ती भाषा?"

"ती ओबासानची. पेज भरवताना बोलायची ना."

समोर एक बोट माल उतरवत होती. मामू तिकडे बघत राहिले. मग उरलेलं त्यांनी सांगितलं. लढाईत बोटींना माणसं कमी पडत होती. बोलावणं मामूंना आलं होतं. डॉक्टरनं छाती तपासून नापास केलं, तर त्यांच्या जागी इब्राहिम गेला. अरबी समुद्रातच ती बोट बुडाली. जपानी पाणबुडीनं टॉर्पेडो मारला होता. वाचलेल्या एका खलाशानं मुंबईत येऊन सांगितलं. त्यानंतर मामू बोटीवर कामाला गेले नाहीत. कुवेतला आले. इब्राहिमच्या घरी त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं.

"मामू," मी म्हटलं, "तरी तुम्ही या लोकांचं एवढं..."

"पाणबुडीत ओबासान नव्हती," ते म्हणाले. मग पुडक्याची गाठ चाचपत म्हणाले, "त्या गोष्टी मी माझ्या म्हणून सांगायचो, कारण त्याच्या म्हणून सांगायला गेलो की शेवट पण सांगायला लागला असता. आणि आज ती पोरगी एवढ्या आशेनं बघत होती. दोघांतला एक जिता पायजे होता. तिला जो पायजे तो ठेवला."

परतताना मुंबईत आम्हा दोघांना काही दिवसांची रजा होती. मामूंनी मला विचारलं, "येतोस का माझ्यासोबत? एकट्याच्यानं जाववत नाय." भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं आम्ही गेलो. माडांत लपलेलं, चिऱ्याचं छोटं घर. इब्राहिमची आई पडवीत बसली होती, पार वाकलेली, एका डोळ्यानं दिसेनासं झालेलं. मामूंनी नाव सांगितल्यावर तिनं फक्त बाजूची जागा हातानं झाडली. मामू बसले आणि तिच्या पुढ्यात पुडकं सोडलं.

त्या दुपारी मी कोबेच्या सगळ्या गोष्टी पुन्हा ऐकल्या. धबधबा, पतंग, ट्राम. पण 'मी'च्या जागी आता 'तो' होता. बाहीत शिरलेला मासाही होता. म्हातारी कापडावरच्या लाटांवरून बोट फिरवत ऐकत होती. माशांच्या गोष्टीला ती हसली. तोंडात दात नव्हते. "लहानपणी पण असाच सांडायचा सगळं," ती म्हणाली.

मामूंनी काही लपवलं नाही. मुलीनं त्यांना इब्राहिम समजलं, आणि त्यांनी हो म्हटलं, हेही सांगितलं. मला वाटलं, म्हातारीला राग येईल.

"मंग तिथं तो जिता हाय."

"हाय, आय."

"बरं केलंस," ती म्हणाली. "एका घरात तरी असू दे." आणि मग आत हाक मारून सुनेला सांगितलं, भात टाक, हा जेवून जाईल.

त्यानंतर मामू दर सुट्टीला आधी त्या घरी जात आणि मग स्वतःच्या गावी. म्हातारी गेली तेव्हा तिला खांदा द्यायला तेच होते. कुवेतात शुक्रवारच्या गप्पांत कोबे पुन्हा कधी निघालं नाही. नव्या पोरांनी आग्रह केला तर म्हणायचे, "मी कुठं गेलोय. ऐकलेलं हाय सगळं." पोरांना वाटायचं म्हातारा थट्टा करतोय. हारूला ते दर वर्षी ओगावाच्या कंपनीच्या माणसांबरोबर आंबापोळी पाठवत, आणि तिच्याकडून चहा यायचा.

पुढे त्यांची छाती पुन्हा बिघडली. उन्हाळ्याच्या तोंडाशी, वाळूचं वादळ सुरू असताना, कुवेतच्या सरकारी इस्पितळात ते गेले. आम्ही पेढीतले लोक, दोन कोकणी ड्रायव्हर आणि जहरा गावाहून आलेला एक दुकानदार, असे त्यांच्याबरोबर दफनभूमीत गेलो. वारा इतका होता की टाकलेली माती बाजूला उडत होती. मी ओगावाच्या कंपनीला तार केली. मामू गेले, एवढंच. हारूला काय सांगायचं ते ओगावावर सोडलं.

त्या वर्षाच्या शेवटी ओगावा स्वतः कुवेतला आला. आता तो मोठा अधिकारी झाला होता, केस मागे गेले होते. कामाचं बोलणं संपल्यावर त्यानं कागद आवरले.

"मी हारू-सानकडे गेलो होतो," तो म्हणाला. "तिला सांगितलं, इबु-सान गेले. ती खूप रडली. उन्हाळ्यात आमच्याकडे गेलेल्यांसाठी पाण्यावर कागदी दिवे सोडतात. तिनं मला बोलावलं होतं, म्हणून मी गेलो. तिनं दोन दिवे आणले होते. एकावर तिनं इबु-सानचं नाव लिहिलं होतं."

"आणि दुसरा?"

"मीही तेच विचारलं. ती म्हणाली, वरच्या मजल्यावरच्या आजाऱ्याचा. इबु-सान होते तोपर्यंत त्यांनी त्याची आठवण ठेवली असेल, आता त्याचं कुणी नाही." ओगावा हलक्या आवाजात म्हणाला, "मला त्या आजाऱ्याचं नाव माहीत होतं, तुमचे कागद मीच केले होते. सांगावंसं वाटलं. मग वाटलं, त्यांनी स्वतः सांगितलं नाही, तर मी कोण."

"मग?"

"मग तिनं तो तसाच सोडला," ओगावा म्हणाला. "त्याच्यावर नाव नव्हतं. पण पेटलेला होता. बराच लांबपर्यंत गेला."